‘नको’ म्हणजे ‘चावत नाही’

ताई, नमस्कार.

माझ्या सासूबाई ६९ वर्षांच्या आहेत. १४ वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. गेल्या महिन्यात तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.४ टक्के आली. खालचे पुढचे दात हलतात, हिरड्यांतून रक्त येतं, तीन दाढा आधीच गेल्यात. लग्न होऊन आल्यापासून मिसरी लावतात. म्हणतात, मिसरीनंच इतके दिवस दात टिकले. वर्षभरापासून त्या आमच्याबरोबर जेवायला बसत नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात एकट्या बसतात, भाकरी बाजूला सारतात आणि चहात टोस्ट बुडवून खातात. गुरुवारचं भजनही सोडलंय. पंधरा दिवसांपूर्वी रात्रीची गोळी घेतली, पण जेवल्या नाहीत. अकराच्या सुमाराला घामानं भिजल्या, हातपाय थरथरायला लागले. साखरपाणी दिल्यावर सावरल्या.

दातांच्या डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, आधी शुगर खाली आणा, मगच दाताला हात लावतो. शुगरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून गोळी वाढवली. आमच्या घरच्यांचं म्हणणं, सगळे दात एकदाच काढून कवळी बसवू, म्हणजे रोजची कटकट नको. सासूबाई म्हणतात, ‘गवऱ्या मसणात गेल्या, आता दाताचं काय घेऊन बसलीस? आन् वरचे दात काढले की डोळे जात्यात.’ मी काय करू?

– एक सून, बार्शी

नमस्कार.

आधी त्या रात्रीचं बोलू, कारण तशी रात्र पुन्हा यायला नको. गोळी पोटात गेली आणि मागून अन्न गेलं नाही, म्हणून साखर एकदम उतरली. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन, माणूस जेवला की नाही हे बघत नाहीत; ती साखर उतरवतातच. तुम्ही साखरपाणी दिलंत, अगदी बरोबर केलंत. पुन्हा कधी वेळ आलीच तर तीन छोटे चमचे साखर अर्धा पेला पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांनी साखर मोजायच्या मशीनवर बघा. ७० च्या वर आली नसेल तर आणखी तेवढीच द्या, आणि सावरल्यावर थोडं तरी खायला घाला. शुद्ध हरपली तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर झोपवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

शुगरच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली तेव्हा त्यांना हा प्रकार सांगितला होता का? पत्रावरून वाटतं, नसावा. त्यांच्यासमोर ९.४ चा कागद होता. भाकरी बाजूला सारलेलं ताट नव्हतं. उद्याच जाऊन सांगा. जेवण झालं नाही तर यातली कोणती गोळी घ्यायची नाही, हे त्यांच्या हातानं कागदावर लिहून आणा आणि तो कागद गोळ्यांच्या डब्यावर चिकटवा. स्वतःच्या मनानं गोळी कमी किंवा बंद करू नका.

आता दात.

‘सगळ्यांचं झाल्यावर एकट्या बसतात’ हे तुमचं वाक्य वाचून मी थांबले. मी दातांची डॉक्टर. दवाखाना जोरात चालू होता तेव्हा रोज वीस-पंचवीस तोंडं बघत होते. माझ्या आईला पेरू फार आवडायचा. कडक, अर्धाकच्चा, तिखटमीठ लावलेला. एका हिवाळ्यात तिनं पेरू चिरला, आम्हा सगळ्यांच्या हातात फोडी दिल्या आणि स्वतः ताटलीत उरलेलं तिखटमीठ बोटानं चाटत बसली. मी विचारलं, ‘तुला नको?’ म्हणाली, ‘नको गं, आता नाही आवडत.’ मी मान डोलावली आणि माझी फोड खाल्ली. पुढं तिला शेंगदाणे आवडेनासे झाले, मग काकडी, मग भाकरी. आठ महिन्यांनी मी तिचं तोंड उघडून बघितलं. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा बोट लावलं तरी हलत होत्या. तिलाही साखर होती. घरात दातांची डॉक्टर असून तिला ते सांगावंसं वाटलं नाही, आणि मला विचारावंसं वाटलं नाही. ही गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही, म्हणून तुम्हाला इतकं सविस्तर लिहिते आहे.

म्हातारी माणसं ‘चावत नाही’ असं सहसा म्हणत नाहीत. ती ‘आवडत नाही’ म्हणतात, ‘भूक नाही’ म्हणतात, ‘तुम्ही जेवून घ्या, मी बसते मागून’ म्हणतात. सासूबाईंनी वर्षभरात कशाकशाला नको म्हटलं ते आठवून लिहून काढा. ज्वारीची भाकरी, हुरडा, शेंगा, कांदा, जे असेल ते. ती यादी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. मला कुणी अशी यादी आणून दिली तर मी ती एक्स-रेच्या शेजारी ठेवीन.

वयस्क माणसांच्या तोंडाची अवस्था समजून घ्यायला एक प्रश्नावली बऱ्याच देशांत वापरतात, ‘गोहाय’ नावाची. १९९० साली अमेरिकेत ती तयार झाली. बारा प्रश्न आहेत, आणि तोंडात किती दात उरले असा एकही प्रश्न त्यात नाही. गेल्या तीन महिन्यांत खाण्यावर बंधन आलं का, चारचौघांत जेवताना अवघडल्यासारखं झालं का, दातांमुळे लोकांत मिसळणं कमी झालं का, असं विचारतात. तुमच्या पत्रात या प्रश्नांची उत्तरं आधीच आहेत. मागून जेवणं आणि भजन सुटणं ही दोन्ही लक्षणंच आहेत. रक्त येण्याइतकीच ती डॉक्टरांना सांगायला हवीत.

साखरेचा आणि हिरड्यांचा संबंध थोडक्यात असा. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी मंदावतात, जखम लवकर भरत नाही. दातांच्या मुळाशी कीटण साचलेलं असतंच, त्यातल्या जंतूंचं फावतं. हिरडी सुजते, दातापासून सुटते, तिच्या आत खाच पडते आणि दाताला धरून ठेवणारं हाड त्या खाचेत हळूहळू झिजतं. दात हलायला लागतो तो त्यामुळे. एवढं सगळं होईपर्यंत फारसं दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. मधुमेह असलेल्यांना या आजाराचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. १९९३ साली हराल्ड लो या दंतसंशोधकानं त्याला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. डोळे, मूत्रपिंडं, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा या पाच आधीच्या. आपल्याकडे शुगरच्या माणसाला डोळे दाखवून या म्हणतात, पायाला जपा म्हणतात. ‘तोंड उघडा’ असं क्वचितच कुणी म्हणतं.

उलट बाजूनंही हे चालतं, आणि तुमच्या घरात ते चालू आहे असं मला वाटतं. तोंडभर हिरड्या सुजलेल्या असतील तर आतल्या खाचांची कच्ची, सुजलेली जागा सगळी मिळून पाच रुपयांची तीन-चार नाणी शेजारी ठेवावीत एवढी भरू शकते. तेवढी जखम सासूबाईंच्या पायावर असती तर तुम्ही एक दिवस थांबला नसता. ती तोंडात आहे, म्हणून दिसत नाही. या सुजेमुळे शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो आणि साखर आणखी चढते. वर भाकरी-भाजी सुटून चहा-टोस्ट आले, म्हणजे मैदा आणि साखर. मग रिपोर्टमध्ये ९.४ येते, गोळी वाढते, आणि एखाद्या रात्री टोस्टही खाल्ला नाही की साखर एकदम कोसळते. चढलेली साखर आणि उतरलेली साखर, दोन्हींच्या मुळाशी ते हलणारे दात आहेत.

म्हणून ‘आधी साखर, मग दात’ हे मला तुमच्या बाबतीत पटत नाही. दात काढणं किंवा हिरडीची शस्त्रक्रिया करणं थोडं पुढं ढकलायचं आणि साखर जरा खाली आल्यावर करायचं, हे रास्त आहे. पण हिरड्यांची खोलवर सफाई, म्हणजे सुन्न करून मुळापर्यंतचं कीटण काढणं, साखर ९.४ असतानाही करता येतं आणि करायला हवं. जंतूंचा साठा कमी होणं हाच साखरेवरच्या उपायाचा एक भाग आहे. अशा सफाईनंतर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांची साखर सरासरी ०.४ नं उतरते, असं बऱ्याच चाचण्या एकत्र करून बघितल्यावर दिसलंय. म्हणजे ९.४ ची ९.० होईल. हा आकडा छोटा आहे आणि मी तो फुगवून सांगणार नाही. पण त्याबरोबर सासूबाईंना भाकरी चावता आली तर पुढचं बरंच काही आपोआप होईल. त्यांच्या वयाला साखर सहावर आणायचा हट्टही कुणी धरू नये. बाकीचे आजार बघून साडेसात ते आठच्या आसपास पुष्कळ झालं. नेमका आकडा शुगरच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

दोन डॉक्टरांच्या मध्ये रुग्ण अडकतो तेव्हा मधला निरोप्या घरचाच कुणी व्हावा लागतो. शुगरच्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी मागा. चालू गोळ्या, शेवटचे रिपोर्ट, बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे का, आणि ‘हिरड्यांच्या सफाईला हरकत नाही’ असं स्पष्ट वाक्य. ती चिठ्ठी घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे जा. ते तरीही नाही म्हणाले तर हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे न्या. त्यांना पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात. लातूरला आणि पुण्याला दंत महाविद्यालयं आहेत, तिथं हिरड्यांचा वेगळा विभाग असतो आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी येतो. वेळ लागतो, रांग असते, पण शिकणाऱ्या मुलांच्या पाठीशी शिक्षक उभे असतात.

जाताना सकाळची दहा-साडेदहाची वेळ घ्या. नाष्टा आणि सकाळची गोळी नेहमीसारखी झालेली असावी. ‘दात काढायचाय म्हणून उपाशी आणलंय’ असं लोक करतात, ते शुगरच्या माणसाला धोक्याचं आहे. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही, फक्त सांगायची. हाडांसाठी वर्षातून एकदा सलाइनमधून औषध दिलं असेल, तर तेही आठवणीनं सांगा. दात काढायचा असेल तर डॉक्टरांना ते माहीत असावं लागतं.

कवळीबद्दल तुमच्या घरच्यांना समजावून सांगा. सगळे दात एकदाच काढून टाकू, हा विचार वैतागातून येतो, तो मला कळतो. पण दात गेला की त्याखालचं जबड्याचं हाड झिजत जातं. वरची कवळी टाळूला धरून बसते. खालचीला धरायला फारसं काही नसतं. शुगरमुळे तोंड कोरडं पडत असेल तर ती आणखी सरकते, घासते, आणि घासलेल्या जागी जखम होते. कवळीनं भाकरी खाणारी माणसं आहेत, पण स्वतःच्या दहा-बारा धड दातांची सर तिला नाही. जे दात वाचवता येतील ते वाचवायचे. जे मुळापासून सुटलेत ते काढायचे, हिरडी भरू द्यायची, आणि मग गरजेपुरते नवे दात बसवायचे. सफाई झाल्यावर सूज ओसरते आणि थोडेफार हलणारे दात कधीकधी बरेच घट्ट होतात, म्हणून कोणता दात काढायचा याचा निकाल सफाईच्या आधी लावू नये. जत्रेत किंवा आठवडी बाजारात बसून ‘अर्ध्या तासात फिक्स दात’ लावून देणारे असतात, त्यांच्याकडे तर मुळीच जायचं नाही. ते शेजारच्या धड दातांना प्लॅस्टिक चिकटवून टाकतात, खाली अन्न कुजतं, आणि मग ते धड दातही जातात. अशी तोंडं मी फार बघितली आहेत.

पुढं कधी कवळी आलीच तर रात्री ती काढून स्वच्छ पाण्यात ठेवायची. मऊ ब्रशनं, साध्या साबणानं धुवायची, उकळत्या पाण्यात घालायची नाही. कवळी घालून झोपल्यानं शुगरच्या माणसाच्या टाळूवर बुरशी धरते.

आता मिसरी. ही गोष्ट सगळ्यात अवघड आहे, कारण ती सवयीपेक्षा खोल गेलेली असते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. पहाटे चुलीपाशी दोन बाया मिसरी लावत बसायच्या, तेवढाच काय तो त्यांचा दिवसातला स्वतःचा वेळ. म्हणून मिसरीला नावं ठेवली की सासूबाईंना ते त्यांच्या अख्ख्या संसाराला नावं ठेवल्यासारखं वाटेल. पण खरं ते त्यांना सांगावं लागेल. मिसरीनं दात टिकले असं वाटतं, त्याचं एक कारण आहे. तंबाखूतलं निकोटिन हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आखडतं, त्यामुळे रक्त कमी येतं, ठणका जरा बधिरतो. आजार चालूच राहतो, फक्त त्याची खूण झाकली जाते. शिवाय ती काळी पूड हिरडी मागं सारते, मुळं उघडी पडतात. आणि न ओढता तोंडात वापरायच्या तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो, यात शंका उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तसं स्पष्ट म्हटलंय.

मिसरी सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त जास्त आल्यासारखं वाटू शकतं. ‘बघ, सोडली आणि रक्त वाढलं’ असं त्या म्हणतील. ते आधीच सांगून ठेवा. एकदम सुटत नसेल तर दिवसातून चार वेळा असेल ती दोनवर आणा, आधी रात्रीची बंद करा. तंबाखू सोडवायला सरकारी फोनसेवा आहे, १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. तिथं सासूबाईंना स्वतः बोलू द्या. तुमच्यापेक्षा परक्याशी त्या मोकळ्या बोलतील.

डोळ्यांचं म्हणाल, तर वरच्या दाताची नस आणि नजरेची नस वेगवेगळी आहे. दात काढल्यानं दृष्टी जात नाही. पण हा समज उगाच पडलेला नाही. ज्या वयात दात जातात त्याच वयात मोतीबिंदू येतो, आणि शुगरनं आतला पडदाही त्याच सुमाराला खराब होतो. माणसानं दात काढला, सहा महिन्यांनी दिसेनासं झालं, आणि दोन्हींची गाठ मारली गेली. तेव्हा सासूबाईंशी वाद घालू नका. म्हणा, ‘आई, आधी डोळेच दाखवून येऊ.’ शुगर असलेल्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासायचाच असतो. ते झालं की त्यांची भीतीही थोडी उतरेल.

सफाई होऊन दात सावरेपर्यंत महिना-दीड महिना जाईल. तोवर काय खायला घालायचं? तुमच्या भागात याची उत्तरं माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक असतील. ताजी, पातळ भाकरी गरम असतानाच आमटीत चुरून दहा मिनिटं झाकून ठेवा. भाकरी सोडायची नाही, तिचं रूप बदलायचं. पालेभाजीचं गरगट्टं, हुलग्याचं माडगं गूळ न घालता, मुगाचं मऊ धिरडं, चालत असेल तर अंडं, काटे काढलेला मासा. शेंगाचटणी दह्यात कालवली की चावावी लागत नाही. काकडी-गाजर किसून कोशिंबीर. घरात पान कुटायचा जुना खलबत्ता असेल तर दाणे त्यात कुटून द्या. नुसती मऊ खिचडी, साबुदाणा, बटाटा, पेज यांवर ठेवू नका. ते चावायला सोपं असतं, पण त्यानं साखर भरकन चढते आणि अंगात ताकद येत नाही.

रोजची काळजी अशी. अगदी मऊ ब्रश, फ्लोराइडची साधी टूथपेस्ट, सकाळी आणि रात्री. रात्रीचं जास्त महत्त्वाचं, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. रक्त येतंय म्हणून घासणं थांबवायचं नाही. सफाई झाल्यावर हलक्या हातानं नीट घासलं तर एक-दोन आठवड्यांत रक्त कमी होतं. बोटांत पकड राहिली नसेल तर ब्रशच्या दांडीला जुनं फडकं गुंडाळून जाड करा. फटी मोठ्या असतील तर दातांच्या मधे घालायचा बारीक ब्रश मिळतो, कोणत्या मापाचा घ्यायचा ते डॉक्टर दाखवतील. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करायला हरकत नाही. पण दुखऱ्या दाढेत नुसतं लवंगतेल ओतू नका, हिरडीवर दुखण्याची गोळी दाबून ठेवू नका. दोन्हींनी हिरडी भाजते. आणि मेडिकलमधून दाढदुखीच्या गोळ्या आणून देऊ नका. त्यांतल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी शुगरच्या माणसाच्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. डॉक्टर भेटेपर्यंत पॅरासिटामॉल पुरे.

एक विचारून बघा: रात्री तोंडाला कोरड पडते का, जीभ टाळूला चिकटते का? चढी साखर हे एक कारण झालं. बीपीच्या काही गोळ्या, पायांच्या आगीसाठी दिलेल्या काही गोळ्या यांनीही लाळ आटते. लाळ कमी झाली की उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागते, तोंडाची आग होते, चव लागत नाही. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा, घोट-घोट पाणी घेऊ द्या, आणि कोणत्या गोळीनं हे होतंय का ते डॉक्टरांना विचारा. कोरड घालवायला गोळ्या-चॉकलेटं, खडीसाखर चघळायला देऊ नका.

काही खुणा दिसल्या तर मात्र वाट बघायची नाही. गाल किंवा जबड्याखाली सूज आणि ताप, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, जीभ उचलल्यासारखी वाटते: त्याच दिवशी, रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात. दाताचा पू गळ्यात उतरला तर श्वास कोंडतो, आणि शुगर असेल तर हे फार झपाट्यानं होतं. खालचा जबडा अचानक दुखायला लागला, सोबत घाम, धाप असेल, तर तो दात नसून हृदय असू शकतं. आणि मिसरी लावणाऱ्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं फोड-जखम, काहीही दुखत नसलं तरी दाखवायचं. आज रात्रीच मोबाइलचा टॉर्च लावून बघा. ओठ आतून, गाल आतून, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली. मिसरी जिथं लावतात ती जागा नीट बघा.

त्यांना तयार कसं करायचं? भीती घालून नाही. ‘तुमच्या तोंडाला वास येतो’ हे तर कुणीच म्हणू नका. माझा अंदाज आहे, भजन त्यामुळेच सुटलंय. टाळ घेऊन शेजारीण जवळ बसते, तोंड उघडून गायचं असतं, आणि पदर तोंडावर धरून अभंग म्हणता येत नाही. त्यांना ते बोलून दाखवायचं नाहीये, तुम्हीही बोलू नका. हिरड्यांच्या खाचांत साचलेल्या घाणीचा तो वास असतो, आणि सफाईनंतर थोड्याच दिवसांत तो बराच जातो. पहिल्या दिवशी काहीही काढायचं नाही, फक्त बघायचं आणि साफ करायचं, असं डॉक्टरांशी आधी ठरवा आणि त्यांना तसा शब्द द्या. तो शब्द मोडू नका. मुलानं सोबत यावं. म्हातारी आई लेकासमोर खुर्चीत बसायला राजी होते, हे मी पुष्कळदा बघितलंय. भजनातली एखादी मैत्रीण दात दाखवून आली असेल तर तिला बरोबर घ्या.

‘गवऱ्या मसणात गेल्या’ याला मात्र उत्तर द्या. ६९ हे काही तसं वय नाही. पुढची दहा-पंधरा वर्षं चहात टोस्ट बुडवून काढायची का, एवढंच विचारा. आणि आजपासूनच त्यांचं ताट तुमच्या ताटाशेजारी मांडा. चुरलेली भाकरी त्यांच्या एकटीच्या ताटात दिसली तर त्या पुन्हा मागं सरतील, म्हणून थोडे दिवस घरात सगळ्यांनीच काला करून खा. मुलांना तो आवडेलच.

पहिली सफाई झाली की मला पुन्हा लिहा. हिरड्यांतलं रक्त थांबलं का ते कळवा, पुढच्या रिपोर्टात साखर किती आली ते कळवा, आणि गुरुवारी संध्याकाळी टाळ खुंटीवरून खाली आले का, तेही कळवा.